गाडीचा रिमोट अलार्म नीट कसा वापरावा: कुलपाच्या खात्रीपासून आणीबाणीच्या बटणापर्यंत

चारचाकीला बाहेरून बसवून घेतलेला रिमोट अलार्म आपल्याकडे बहुतेक जण दोनच बटणांपुरता वापरतात: जाताना बंद करायचे आणि येताना उघडायचे. उरलेली दोन बटणे, डॅशबोर्डखाली दडवलेले एक छोटे बटण आणि सायरनच्या निरनिराळ्या इशाऱ्यांचे अर्थ हे सगळे बसवणाऱ्याने दिलेल्या आणि आपण ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकलेल्या माहितीपुस्तिकेतच राहून जाते. मीही तेच केले होते. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये महाबळेश्वरला गेलो असताना रिमोटचा सेल संपला. दार किल्लीने उघडले, तोच सायरन सुरू झाला आणि इंजिन चालू होईना. गाडीत आई बसलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि आजूबाजूचे लोक आमच्याकडे संशयाने पाहत होते. जवळपास पाऊण तासाने अलार्म बसवणाऱ्याला फोन लागला, तेव्हा कुठे कळले की स्टीअरिंगखाली हात घातला की एक बटण लागते आणि ते दाबले की सगळे शांत होते. ते बटण आम्हाला कोणी दाखवले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. हा लेख त्या पाऊण तासामुळे लिहावासा वाटला.

पुढे जे सांगितले आहे ते चार बटणांच्या रिमोटला आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्रणालींना धरून आहे. कोणते बटण किती सेकंद दाबायचे हे कंपनीगणिक बदलते, म्हणून वाचताना आपली पुस्तिका जवळ ठेवावी.

आपल्या गाडीत नेमके काय आहे, ते आधी ओळखा

कारखान्यातूनच आलेली रिमोटची किल्ली आणि नंतर बसवलेला अलार्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळांची फसगत इथेच होते. कारखान्याच्या किल्लीच्या डोक्यात बहुधा एक चिप असते. इग्निशनभोवतीची तारेची गुंडाळी ती चिप वाचते आणि ओळख पटली तरच इंजिनाचा संगणक गाडी चालू होऊ देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. गाडी पळवून नेणे त्याने अवघड होते, पण काच फोडून सीटवरची बॅग उचलणाऱ्याला तो अडवत नाही.

आपल्या गाडीत काय आहे हे घरच्या घरी तपासता येते. चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली करावी, सगळी दारे लावून रिमोटने कुलूप लावावे, एक मिनिट थांबावे, आणि मग काचेतून हात घालून आतल्या कडीने दार उघडावे. हॉर्न किंवा सायरन वाजला, तर दार उघडल्याचे ओळखणारा अलार्म आहे. मग काचा बंद करून पुन्हा कुलूप लावावे आणि मिनिटभराने काचेवर तळहाताने थाप मारावी. काहीच झाले नाही, तर धक्का ओळखणारा शॉक सेन्सर गाडीत नाही किंवा तो फार मंद ठेवलेला आहे. अनेक छोट्या गाड्यांत कारखान्याकडून हा सेन्सर येतच नाही, आणि मालक मात्र वर्षानुवर्षे तो आहे असे धरून चालतो.

बाहेरून बसवलेल्या प्रणालीत, मग ती नाशिकच्या ऑटोकॉपची असो वा दुसऱ्या कोणाची, साधारण हे भाग असतात: डॅशबोर्डखाली नियंत्रणाची पेटी, बॉनेटमध्ये सायरन, काडेपेटीएवढा शॉक सेन्सर, दारांत कुलपाच्या मोटारी, इंजिन चालू होऊ न देणारा रिले, डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा आणि ते दडवलेले बटण. या प्रत्येकाची जागा बसवणाऱ्याकडून बोट ठेवून दाखवून घ्यावी आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत.

कुलूप लावणे आणि लागल्याची खात्री करणे

काचा वर घ्याव्यात, किल्ली काढावी, सगळे उतरल्यावर दारे आणि डिकी लावावी, आणि गाडीकडे तोंड करून बंद कुलपाचे बटण एकदा दाबावे. सायरन एकदा टुक करतो, इंडिकेटर एकदा लुकलुकतात, दारांतल्या मोटारींचा खट्ट आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकू लागतो. सेन्सर जागा व्हायला त्यानंतरही काही सेकंद जातात.

इथे थांबून दाराचे हँडल ओढून पाहावे. ही सवय जुन्या वळणाची वाटेल, पण तिला पर्याय नाही. आपल्याकडे वापरात असलेल्या कितीतरी रिमोटचा संदेश ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो, आणि त्याच कंपनसंख्येवर जवळपास दुसरे एखादे यंत्र सतत गोंगाट करत असेल, तर आपला संदेश पेटीपर्यंत पोचतच नाही. चोरही हेच करतात. मॉलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये खिशातले यंत्र चालू ठेवून उभे राहायचे, मालकाने चालता चालता पाठमोऱ्यानेच बटण दाबले की तो निघून जातो आणि गाडी उघडीच राहते. त्यात काच फुटत नाही आणि सायरनही वाजत नाही, त्यामुळे नंतर पोलिसांना आणि विमा कंपनीला काय सांगावे हेही मालकाला कळत नाही. इंडिकेटर लुकलुकले नाहीत, तर कुलूप लागलेले नाही असेच समजावे आणि किल्लीने लावावे.

रिमोटचा संदेश टिपून घेऊन नंतर पुन्हा सोडण्याची जुनी युक्ती मात्र आता बहुतेक प्रणालींवर चालत नाही, कारण बटण दाबताना दर वेळी सांकेतिक अंक बदलतो आणि वापरलेला अंक पेटी पुन्हा स्वीकारत नाही. याच रचनेमुळे एक साधी अडचण येते. घरात लहान मुलाने रिमोट खेळायला घेतला आणि गाडीपासून लांब बटण पन्नास वेळा दाबले, तर रिमोटची मोजणी पुढे जाते आणि गाडीची मागे राहते. अशा वेळी रिमोट बिघडला असे समजून दुकानात धावण्याआधी गाडीजवळ उभे राहून बटण दोनदा पाठोपाठ दाबून पाहावे. पुष्कळ प्रणालींत तेवढ्याने मोजणी जुळते.

उघडताना सायरन दोनदा टुक करतो आणि इंडिकेटर दोनदा लुकलुकतात. उघडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर अनेक प्रणाली आपणहून पुन्हा कुलूप लावतात. बटण चुकून दाबले गेले तर ही सोय चांगली, पण तिच्यात एक धोका आहे. आपण रिमोटने उघडतो, सामान ठेवायला फक्त डिकी उघडतो, किल्ल्या सामानाजवळ ठेवतो आणि डिकी लावतो. पेटीला डिकीचा स्विच जोडलेला नसेल, तर तिच्या हिशेबी कोणतेच दार उघडलेले नाही, आणि किल्ल्या आत राहून गाडी कुलूपबंद होते. सामान चढवताना किल्ल्या खिशातच ठेवाव्यात.

लहान मूल, वृद्ध माणूस किंवा पाळीव प्राणी गाडीत असताना रिमोटने कुलूप लावून पाच मिनिटांसाठीही जाऊ नये. काही गाड्यांत रिमोटने लावलेले कुलूप आतून उघडत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी फार थोड्या वेळात जीवघेणी तापते.

सायरन काय सांगतो ते ऐका

लावताना एकाऐवजी तीन वेळा टुक झाले, तर बहुधा एखादे दार, डिकी किंवा बॉनेट नीट लागलेले नाही. उघडताना दोनाऐवजी तीन किंवा चार वेळा झाले, तर आपण नसताना अलार्म वाजून गेलेला आहे. हा दुसरा इशारा फार मोलाचा आहे. तो ऐकला की गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारावी, काचांच्या कडा, दारांची कुलपे, चाके आणि स्टेपनी पाहावी, आणि गाडीखालीही वाकून पाहावे. पुणे परिसरात मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर त्यांतल्या मौल्यवान धातूसाठी चोरीला गेल्याच्या तक्रारी मध्यंतरी वारंवार येत होत्या, आणि ती चोरी दाराला हातही न लावता होते.

अलार्म वाजत असताना उघडण्याचे बटण एकदा दाबले की बहुतेक प्रणालींत फक्त सायरन थांबतो आणि पहारा चालूच राहतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर दारे उघडतात. खिडकीतून नुसते बटण दाबून परत झोपू नये. कोण आहे ते आधी पाहावे. गाडीजवळ माणसे दिसली, तर एकट्याने खाली उतरू नये. सायरन वाजू द्यावा, दिवे लावावेत, रखवालदाराला हाक मारावी आणि ११२ला फोन करावा.

शॉक सेन्सर जुळवणे

या कामाला एक संध्याकाळ द्यावी असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण अलार्मचा उपयोग शेवटी शेजाऱ्यांच्या कानांवर अवलंबून आहे. मांजर बॉनेटवर उडी मारते म्हणून, शेजारून ट्रक गेला म्हणून, गच्चीवरच्या पाइपातून टपावर थेंब पडतात म्हणून जो सायरन आठवड्यातून चार रात्री वाजतो, त्याच्यासाठी पाचव्या रात्री कोणीही खिडकीपाशी येत नाही, आणि नेमका तेव्हाच चोर आलेला असतो. शेजाऱ्यांची झोप हा भाग वेगळाच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर सायरनच्या खोक्यावर शंभराच्या पुढचा आकडा छापलेला असतो.

सेन्सर सहसा गिअरच्या पुढे, डॅशबोर्डखाली असतो. त्याच्यावर चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरेल एवढा बारीक स्क्रू आणि एक लहान दिवा असतो. आधी सेन्सर कशाला धरून बसवला आहे ते पाहावे. तो वायरच्या मोकळ्या जुडग्याला पट्टीने बांधून लोंबत ठेवला असेल, तर स्क्रू कितीही फिरवला तरी त्याचा उपयोग नाही. तो गाडीच्या सांगाड्याशी जोडलेल्या घट्ट भागावर हलणार नाही असा बसलेला हवा.

गाडी सपाट जागी उभी करावी आणि स्क्रू उणे खुणेकडे पूर्ण फिरवावा. काचा व दारे लावून कुलूप लावावे आणि पूर्ण एक मिनिट थांबावे, कारण दार लावल्याचा हादरा विरायला वेळ लागतो. मग मुठीची मऊ बाजू पुढच्या काचेशेजारच्या खांबावर मारावी. काही झाले नाही, तर उघडून स्क्रू अधिक खुणेकडे जेमतेम अष्टमांश वळसा फिरवावा, पुन्हा लावावे, पुन्हा थांबावे, पुन्हा मारावे. असे सहा-सात वेळा करावे लागते आणि घाई केली की सगळे बिघडते. काचेवर किल्ली, अंगठी किंवा बोटांची हाडे आपटू नयेत. ज्या सेन्सरला दोन पायऱ्या असतात, त्यात तळहाताच्या थापेला दोन-तीन छोटे इशारे आणि टायरला मारलेल्या जोरदार लाथेला पूर्ण सायरन, एवढे साधले की थांबावे. नंतर गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन शेजारून दोन-तीन बस जाऊ द्याव्यात. बसमुळे इशारा झाला, तर स्क्रू तेवढाच मागे घ्यावा.

एवढे करूनही रात्री-अपरात्री अलार्म वाजत असेल, तर तीन रात्री शॉक सेन्सर बंद ठेवून बाकीचा अलार्म चालू ठेवावा. अनेक रिमोटमध्ये कुलपाचे बटण दोनदा पाठोपाठ दाबले की हे होते. तरीही वाजला, तर सेन्सर निर्दोष आहे आणि दोष दाराच्या, डिकीच्या किंवा बॉनेटच्या स्विचमध्ये आहे. पावसाळ्यात, त्यातही कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, बॉनेटचा स्विच सगळ्यात आधी गंजतो. गाडीतल्या दिव्याचा खटका दार उघडताच दिवा लागेल अशा स्थितीत ठेवून प्रत्येक दार बंद असताना थोडे दाबून-सोडून पाहावे. दिवा मिणमिणला, तर त्या दाराचा स्विच बदलावा. उंदरांनी कुरतडलेली वायर हेही कारण असते, तेव्हा बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का तेही पाहावे.

काही प्रसंगी सेन्सर काही काळ बंद ठेवणेच योग्य. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत किंवा दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी हलतच असते, आणि आपण वर जाऊन बसलो असताना खाली सायरन वाजत राहिला, तर तो थांबवायला कोणी नसते. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आणि विसर्जन मिरवणुकीच्या मार्गाजवळ गाडी लावतानाही असेच करावे. दारांचा पहारा तेव्हाही चालू राहतो. पहाटे निघताना आणि रुग्णालयाच्या आवारात आवाज न करता लावण्या-उघडण्याचे बटण वापरावे. त्यात फक्त इंडिकेटर लुकलुकतात.

रिमोट चालत नसेल तेव्हा

आता ते दडवलेले बटण. त्याचा क्रम शांत दुपारी, घराजवळ, एकदा प्रत्यक्ष करून पाहावा आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून करवून घ्यावा.

१. दार किल्लीने उघडावे. सायरन वाजू लागेल. त्याने गडबडून जाऊ नये आणि दार लावून घ्यावे.
२. किल्ली इग्निशनमध्ये घालून चालू स्थितीत आणावी, स्टार्टर मारू नये.
३. पुस्तिकेत दिलेल्या वेळात, जी सहसा काही सेकंदांचीच असते, दडवलेले बटण दाबावे. काही प्रणालींत ते ठरावीक वेळा किंवा धरून दाबावे लागते.
४. सायरन थांबला आणि लाल दिवा विझला की स्टार्टर मारावा. जमले नाही, तर किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा पहिल्यापासून करावे.

गाडी सर्व्हिस सेंटरला किंवा हॉटेलच्या चालकाकडे देताना याच बटणाने अलार्म तात्पुरता निजवता येतो. तेव्हा लाल दिवा न लुकलुकता सलग लागून राहतो. गाडी परत आली की तो तसाच सलग तर नाही ना, हे पाहायला विसरू नये.

रिमोटचा पल्ला कमी होऊ लागला, पूर्वी तिसऱ्या मजल्यावरून चालणारे बटण आता गाडीपाशी गेल्यावरच चालते, ही सेल उतरल्याची खूण आहे. रिमोट उघडून सेलवरचा क्रमांक वाचावा. सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल ३ व्होल्टचा असतो, तर २३ए आणि २७ए हे छोटे दंडगोल सेल १२ व्होल्टचे असतात. मागून नखाने किंवा पातळ स्क्रू-ड्रायव्हरने सांध्यात हलका दाब द्यावा, जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे त्याचा फोटो घ्यावा, आणि नवा सेल कोरड्या हाताने कडांना धरून बसवावा. काढलेला नाणे-सेल तसाच टेबलावर ठेवू नये. मुलाने तो गिळला, तर अन्ननलिका दोन तासांच्या आत गंभीर भाजू शकते. असे झाल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तडक रुग्णालयात न्यावे.

गाडीची मोठी बॅटरीही लक्षात घ्यावी. अलार्म पहाऱ्यावर असताना थोडी वीज सतत खातो. ती २० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास होते, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दीड महिन्यात निम्म्यावर येते. मे महिनाभर गावी जाताना एखाद्या नातेवाइकाला आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगावे.

रिमोट हरवला, तर फक्त नवा घेऊन भागत नाही. हरवलेला रिमोट ज्याला सापडेल त्याच्यासाठी गाडी उघडीच आहे. पेटीच्या स्मृतीतून जुने सगळे रिमोट पुसून हातात असलेलेच पुन्हा नोंदवून घ्यावेत, आणि बसवणाऱ्याने ते आपल्यासमोर करावे असा आग्रह धरावा.

बसवून घेताना

गाडी हमीच्या काळात असेल, तर मूळ वायर कापू देऊ नयेत. आपल्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे वायर न कापता बसणारा जोड, मागावा आणि तो नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. इंजिन रोखणारा रिले स्टार्टरच्या वायरवर बसवायला सांगावा. इंधनपंपाच्या किंवा प्रज्वलनाच्या वायरवरचा रिले चालत्या गाडीत बिघडला, तर घाटात इंजिन बंद पडते. धावती गाडी रिमोटने बंद पाडण्याची सोय काही प्रणालींत असते. ती मी बंदच ठेवायला सांगेन.

मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात, पुण्याच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेची मान्यता असलेले उपकरण बसवून त्याचे प्रमाणपत्र दिल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, पण कमाल ५०० रुपये, अशी सूट होती. आपली कंपनी आता काय देते ते नूतनीकरणाच्या वेळी विचारावे आणि बिल जपून ठेवावे. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, म्हणून दुसरी किल्ली आणि दुसरा रिमोट घरी एका ठरलेल्या जागी असावा आणि महिन्यातून एकदा तोच वापरून पाहावा.

गाडी विकताना दोन्ही रिमोट, पुस्तिका आणि बिल नव्या मालकाला द्यावे, जुने रिमोट पुसून घ्यायला सांगावे, आणि व्यवहार उरकण्याआधी त्याला चालकाच्या जागी बसवून, त्याचा हात धरून स्टीअरिंगखालच्या त्या बटणापर्यंत न्यावा.